डावा हात आत्ताचा, उजवा आजवरचा

“अरे सात! ए सात! कुठं निघाला तू? जागा सोडू नको! आणि नऊ, तू दात काय काढतोय? तुझ्यापाशीच तर चढ संपलाय!”

औरंगपुऱ्यातल्या त्या साडीच्या दुकानात तेव्हा एका लग्नघरची मंडळी शालू बघत बसली होती. डोक्यावरच्या छतातून हा आवाज खाली आला आणि नवरीच्या आईच्या हातातला शालू गळून पडला. “वर मारामारी चाललीय का हो?” तिने घाबरून विचारलं. दुकानदाराने पुढचा शालू उलगडला आणि म्हणाला, “मारामारी नाय ताई, कॉम्प्युटरचा क्लास आहे. हा बघा, ह्यात मोरपंखी पण आहे.”

तो आवाज आमच्या आपांचा. मूर्ती एवढीशी, की स्कूटीवर बसल्या की नुसतं हेल्मेटच गाडी चालवत येतंय असं वाटायचं. पण आवाज असा, की त्या औरंगपुऱ्यात बोलल्या की गुलमंडीवरचे रिक्षावाले ब्रेक दाबायचे. खुलताबादला त्यांच्या नवऱ्याचं दर्ग्याजवळ गुलाबाच्या फुलांचं आणि चादरींचं छोटं दुकान. रोज सकाळी घाट उतरून त्या शहरात यायच्या आणि साडीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमच्यासारख्या मराठवाड्यातल्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायच्या. हिंदू-मुसलमान, बायका-पुरुष, शिकाऊ-फुकटे, सगळे त्यांना आपाच म्हणायचे. एकदा वीज कंपनीचा माणूस मीटर बघायला आला, तोही जाताना “येतो आपा” म्हणून गेला.

त्यांच्या शिकवण्याची तऱ्हा जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही, आणि नसेल तर जगाचंच नुकसान आहे. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी प्रत्येक प्रश्न पायांनी सोडवायचा. खालच्या दुकानदाराकडून त्या साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे आणायच्या, त्यावर मार्करने ठळक आकडे काढायच्या, सुतळी ओवायच्या आणि एकेकाच्या गळ्यात अडकवायच्या. मग बाहेरच्या लांबट गॅलरीत आम्ही रस्त्याकडे तोंड करून रांगेत उभे. संगणकवाले जिला ॲरे म्हणतात ती ही आकड्यांची रांग. खालून जाणाऱ्या लोकांना वाटायचं, पोलिसांनी चोर पकडून ओळख परेडला उभे केलेत. एकदा एक म्हातारी बराच वेळ वर बघत राहिली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ह्यो असंल.”

आपांचा सगळ्यात लाडका प्रश्न एकच. रांगेत आकडे सलग वाढत जाणारा सगळ्यात लांब टप्पा कोणता, ते शोधा. ऐकायला पोरखेळ. दिसतंच की डोळ्यांना! पण आपा म्हणायच्या, “तुला दिसतं रे, तुला देवानं डोळे दिलेत. मशीनला सांग बघू. मशीन आंधळं असतं, आणि वरून आज्ञाधारक. आंधळ्याला रस्ता सांगायला लई अक्कल लागते.”

म्हणून आमच्यातला एक जण आंधळा व्हायचा, म्हणजे डोळ्यांवर रुमाल बांधून रांगेसमोरून चालायचा. प्रत्येकाने आपापला आकडा ओरडायचा. आंधळ्याने फक्त आत्ताचा आकडा ऐकायचा आणि मागचा लक्षात ठेवायचा. त्याच्या दोन हातांना दोन कामं दिलेली. “डावा हात आत्ताचा, उजवा आजवरचा!” आपा ताल धरून म्हणायच्या. आकडा मागच्यापेक्षा मोठा आला की डाव्या हाताचं एक बोट आणखी उभं करायचं. चढ तुटला की थांबायचं, डाव्या हाताची बोटं उजव्याशी ताडून बघायची. डावी जास्त असतील तर उजव्यावर तेवढी उभी करायची, आणि डावा हात पुन्हा एका बोटावर आणायचा. रांग संपल्यावर उजवा हात वर करून दाखवायचा. ते उत्तर.

“आपा, बोटं संपली तर?” गजाननने विचारलं. हा गजानन कायम वाद घालणारा, म्हणून त्याच्या गळ्यात कायम सातचा पुठ्ठा. का सात, ते आपांनाच ठाऊक.

“तर शेजारच्याची घे.”

“शेजारच्यानं नाय दिली तर?”

“तर तू नोकरीच्या लायक झाला, जा.”

गजाननचा सगळ्यात गाजलेला वाद म्हणजे बरोबरीचा. रांगेत साताशेजारी दुसरा सात उभा राहिला आणि आंधळ्याने डावा हात एका बोटावर आणला. गजानन पुठ्ठा काढून आला. “आपा, सातानंतर सात म्हणजे उतरला तर नाय ना! मग चढ तुटला कसा?”

“उतरला नाय. पण चढला कुठं?” आपा म्हणाल्या. “तुझ्या गाडीचा पेट्रोलचा काटा काल होता तिथंच आज आहे. म्हणजे पेट्रोल भरलं व्हय रे?”

“म्हणजे जाळलं पण नाय!”

“गाडी बंद आहे म्हणून नाय जाळलं. चल, रांगेत.”

ह्या वादात अर्धा औरंगपुरा पडला होता. खालचा दुकानदार गजाननच्या बाजूने, समोरचा गादीवाला आपांच्या बाजूने. दोघांनी त्यावरून एकमेकांशी बोलणं टाकलं आणि ईदला आपांनीच शीरखुर्मा पाठवून ते परत चालू केलं. ह्यात मी तिखटमीठ लावतोय असं वाटत असेल तर गादीवाल्याला विचारा. तो अजून चिडतो.

आता माझी गोष्ट सांगायला हवी, कारण आपा कोण होत्या हे तिच्याशिवाय कळायचं नाही. आमचं गाव पैठण रोडवर चितेगावच्या पुढे. शेती बरी, खाऊनपिऊन सुखी. पण माझ्या काकाने कोंबड्यांचं शेड टाकलं होतं आणि त्याला विश्वासाचा माणूस हवा होता. विश्वासाचा माणूस म्हणजे ज्याला दुसरं काही काम नाही असा पुतण्या. आणि मला, हे मी पहिल्यांदाच छापील कबूल करतोय, कोंबड्यांची भीती वाटते. एक कोंबडी चालेल. पण शेडचं दार उघडताच हजारो माना एकदम वळतात आणि प्रत्येक कोंबडी एकाच डोळ्याने बघते, ते दृश्य माझ्या स्वप्नात येतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निर्णय जाहीर केला होता. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर शेडवर. काकाने तर माझ्या मापाचे गमबूट आणून ओसरीवर मांडूनही ठेवले होते. पिवळे.

आणि नोकरी काही लागत नव्हती. वाळूजच्या एका कंपनीत माझ्याआधी माझा रक्तदाब मुलाखतीला पोचला. पुण्याच्या एका ऑनलाइन मुलाखतीत नेट असं अडकलं की माझं तोंड उघडंच राहिलं, आणि त्या बाईंनी सभ्यपणे जांभई समजून मला निरोप दिला. तिसरीकडे प्रश्नच कळला नाही. त्या दिवशी क्लासच्या जिन्यात बसून मी म्हणालो, “आपा, मी शून्य आहे.”

आपा जिना चढत होत्या, हातात हेल्मेट. थांबल्या आणि असं काही ओरडल्या की हेल्मेट घुमलं. “शून्य? चढ तुटल्यावर शून्य करतात का रे? कितीदा सांगितलं! चढ तुटला की एकावर यायचं, एकावर! ज्याच्यापाशी तुटला तो स्वतः तिथं उभाच असतो ना? त्याला कोण मोजणार? शून्यापासून धरलं की पुढची सगळी मोजदाद एकानं कमी!” आणि वर निघून गेल्या. माझी समजूत घातली की माझी चूक सुधारली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण मी उठलो खरा, आणि एक बोट उभं करूनच उठलो.

पुढच्याच आठवड्यात आपा आमच्या गावी हजर. स्कूटीवर, एकट्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अण्णा ओसरीवर, काका त्यांच्या शेजारी, आणि गमबूट काकाच्या शेजारी.

“बसा बाई,” अण्णा म्हणाले. “पोरगं लई दिवस झाले तुमच्याकडं शिकतंय. आकडे वाढत्यात का नाय ते बघायला एवढं शिकावं लागतं व्हय?”

“बघायला नाय लागत, भाऊ. न बघणाऱ्याला सांगायला लागतं.”

“कोंबड्यांना दिसतं सगळं,” काकाने मध्येच घातलं. “दोन-दोन डोळे असत्यात.”

“म्हणूनच त्यांना याची गरज नाय,” आपा म्हणाल्या. आई दाराआड हसली ते मला दिसलं. मग आपांनी अण्णांकडे वळून, आवाज त्यातल्या त्यात खाली आणून सांगितलं, “दिवाळी नका धरू. थोडं पुढं जाऊ द्या. लागतीय याला नोकरी.”

“आन् नाय लागली तर?”

“लागतीय म्हणलं ना.”

हे त्या अशा छातीठोकपणे म्हणाल्या की काकाने गमबूट थोडे मागे सरकवले. अण्णांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली. आपा चहा घेऊन, एक कोंबडी भेट नाकारून परत गेल्या.

दिवाळी होऊन गेली, आणि चितेगावच्याच एका कारखान्यातून बोलावणं आलं. तिथे भट्टीत लोखंडाचे सुटे भाग तापवतात. त्या भट्ट्यांची तापमानं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या कामाला दोन माणसं हवी होती. आम्ही आठ-दहा उमेदवार. एका खोलीत कॉम्प्युटरसमोर बसवलं, आणि प्रत्येकाच्या हातात कागद दिला. भट्टीच्या तापमानाच्या नोंदी, आणि खाली प्रश्न: तापमान सलग वाढत गेलं असा सगळ्यात लांब टप्पा किती नोंदींचा, ते काढणारा प्रोग्रॅम लिहा.

कागदाचा मुका घ्यायचाच बाकी होता. हा तर माझ्या माहेरचा प्रश्न! खरे आकडे तीन अंकी होते, मी तुमच्यासाठी लहान करून सांगतो. पाच, आठ, सहा, सात, नऊ, चार, पाच, सात, आठ. असे. मी भराभर लिहिलं, चालवून बघितलं, उत्तर आलं तीन. हळूच शेजारी बघितलं. त्याचंही तीन. पलीकडे बीडहून आलेली एक मुलगी होती, तिचंही तीन. एक साहेब पाठीमागे हात बांधून सगळ्यांच्या स्क्रीन बघत फिरत होते आणि तोंडावर काहीच दाखवत नव्हते. तेवढ्यात लाइट गेली. खोलीत काळोख, उकाडा. “बाहेर झाडाखाली थांबा, जनरेटर चालू होतोय,” साहेब म्हणाले.

लिंबाखाली चहा आला. सगळे मोकळे झाले होते. “तुझं किती?” “तीन.” “माझं पण तीन.” “मग झालं!” एवढी एकी मी ग्रामपंचायतीच्या जेवणावळीतसुद्धा बघितली नव्हती. मीही चहाचा घोट घेतला आणि सवयीने, नुसता चाळा म्हणून, त्या नोंदी डोक्यात म्हणत बोटं हलवायला लागलो. पाच, आठ. डावी दोन. सहा आला, तुटला, उजवी दोन. सहा, सात, नऊ. डावी तीन. चार आला, तुटला, उजवी तीन. चार, पाच, सात, आठ. रांग संपली. मी उजवा हात बघितला, तीन. आणि मग, कुणाचं पुण्य कामाला आलं देव जाणे, डावा हात बघितला.

चार बोटं उभी होती.

रांग चढता चढताच संपली होती! चढ तुटलाच नव्हता, म्हणून उजव्या हाताला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ही चूक गॅलरीत आमच्यातला प्रत्येक आंधळा करायचा. शेवटचा आकडा ओलांडला की उजवा हात फडकवत थेट चहाकडे, आणि डावा हात बिचारा तसाच बोटं ताणून लोंबकळत. तेव्हा आपा जे ओरडायच्या, ते वाक्य माझ्या तोंडून, त्यांच्याच पट्टीत, माझी परवानगी न घेता बाहेर पडलं:

“रांग संपली म्हणजे काम संपलं काय रे? शेवटचा चढ कोण बघणार?”

आता तुम्ही म्हणाल, काय मोठ्या मनाचा माणूस, प्रतिस्पर्ध्यांना उत्तर वाटलं. छे! मी गप्प बसायचा निर्णय घेणारच होतो. आवाज आधी निघाला, अक्कल नंतर पोचली. लिंबावरचे कावळे उडाले, आणि झाडाखाली प्रत्येक जण बोटांवर मोजायला लागला. कुणी “च्यायला” म्हणालं, कुणी “या अल्ला”. लाइट आली तसे सगळे आत धावले.

थोड्या वेळाने साहेब पुन्हा फिरले. ह्या वेळी तोंडावर बरंच काही दिसत होतं. “लाइट जाण्याआधी सगळ्यांचं तीन होतं,” ते म्हणाले. “आता सगळ्यांचं चार आहे. बाहेर काय झालं?”

खोलीतली सगळी बोटं माझ्याकडे वळली. आयुष्यात मला पहिल्यांदा कोंबड्यांची आठवण आली आणि त्या बऱ्या वाटल्या.

“कॉपी पुरवली तुम्ही?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. ओरडलो.”

“काय?”

चितेगावहून आमच्या गावाला जायला कितीसा वेळ लागतो! पुढच्या बसने मी शेडवर पोचलो असतो. तोंडाने सांगायला गेलो तर जीभ वळेना. म्हणून मला एकच येत होतं ते केलं. “साहेब, सगळ्यांना जरा बाहेर रांगेत उभं करू का?” त्यांनी हो म्हणायच्या आत मी करून मोकळा झालो. कोपऱ्यात पॅकिंगचे पुठ्ठे पडले होते, त्यावर आकडे काढले. उमेदवार उभे केले. एक जण रुसून आत बसला, त्याच्या जागी वॉचमन. एक चहावाला घेतला. तरी शेवटचा आठ उरला. “साहेब, तुम्ही आठ व्हा,” मी म्हणालो. ते का झाले, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण झाले. गळ्यात पुठ्ठा धरून वॉचमनशेजारी उभे राहिले. भट्टीवरची माणसं कामं टाकून बघायला आली.

मी डोळ्यांवर रुमाल बांधला आणि निघालो. “पाच!” “आठ!” “सहा!” डावा हात, उजवा हात. शेवटी साहेबांसमोर आलो. “आठ,” साहेब म्हणाले, जरा हळूच. मी उजवा हात वर केला. “हे तीन, मघाचं उत्तर. यात तुम्हाला धरलेलंच नाही साहेब. तुम्ही शेवटी उभे आहात आणि तुमच्यानंतर कुणी उतरलं नाही, म्हणून तुमचा चढ कुणी लिहूनच घेतला नाही.” आणि डावा हात वर केला, चार. मग उजव्यावर चौथं बोट उभं केलं. “एवढंच ओरडलो.”

मग साहेबांनी विचारलं, “भट्टी बंद असेल, एकही नोंद नसेल, तर?”

“रांगच नाही साहेब. दोन्ही मुठी मिटलेल्या. तेव्हा मात्र शून्य.”

“कुठे शिकलात?”

“औरंगपुऱ्यात. साडीच्या दुकानावर.”

मला घेतलं, आणि त्या बीडच्या मुलीला घेतलं. गेटबाहेर येऊन अण्णांना फोन केला. पलीकडून अण्णांचा आवाज, पण माझ्यासाठी नव्हे: “अरे, ते बूट दुकानात परत घेतात का बघ.” माझ्या छातीवरून शेडचं अख्खं पत्र्याचं छप्पर उतरलं. इतका हलका झालो होतो की शहराकडे निघालेल्या रिक्षात बसलो तर रिक्षावाला दोनदा मागे वळून म्हणाला, “भाई, बैठे हो ना?”

आपांना सांगायला गेलो तेव्हा त्या गॅलरीत नवी रांग हाकत होत्या. मी सगळं सांगून पेढ्यांचा बॉक्स उघडला. त्यांनी एक पेढा घेतला, आठच्या पुठ्ठ्यामागे उभ्या असलेल्या पोरीला भरवला आणि मला म्हणाल्या, “साहेबाला रांगेत उभा केला? चांगलं केलं. उंच माणूस लांबून दिसतो.” बस्स. नवीन रांगेकडे वळल्या.

गेल्या वर्षी आपांनी औरंगपुऱ्यातला क्लास बंद केला. घाटातल्या रोजच्या येण्याजाण्याने कंबर बोलायला लागली होती, आणि खुलताबादच्या मुलींनीच त्यांना तिथे क्लास काढा म्हणून धरलं होतं. नवऱ्याच्या दुकानामागची खोली रिकामी झाली होती. “सुटले बाबा त्या घाटातून,” त्या म्हणाल्या आणि खरंच सुटल्यासारख्या दिसल्या. सामान हलवायला आम्ही जुने सगळे आलो. गजानन आता बंगळुरूला असतो, तरी तो आला, आणि जिना उतरताना कॉम्प्युटर धरून बरोबरीचा वाद पुन्हा उकरून काढला. खालचा दुकानदार काउंटर सोडून बाहेर आला. समोरचा गादीवाला रस्ता ओलांडून पहिल्यांदाच इकडे आला. दोघांनी टेम्पोत सामान चढवायला हात लावला.

टेम्पो निघाला. आपा स्कूटीवर बसल्या. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. सगळ्यांसमोर, चार माणसं ऐकतील अशा आवाजात मी म्हणालो, “आपा, कोणाचाच माझ्यावर भरवसा नव्हता. घरचेसुद्धा थकले होते. पण तुम्हाला मात्र पहिल्यापासून खात्री होती ना, की मला नोकरी लागणार म्हणून?”

आपांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवला, गाडी चालू केली.

“नव्हती,” त्या म्हणाल्या.